न दिसणारे परीक्षक : आकाशवाणीची संगीत स्पर्धा आणि नांदेड-लातूरची मुलं

मागच्या ओळीपर्यंत आवाज पोचतोय ना? विषय रेडिओचा आहे, तेव्हा निदान माईकनं तरी साथ द्यावी.

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या तरुणांसाठी आकाशवाणीनं १९५४ साली एक देशव्यापी स्पर्धा सुरू केली. वयाची अट साधारण सोळा ते चोवीस. प्राथमिक फेरी आपापल्या भागातल्या केंद्रावर व्हायची, तिथून निवडलेल्यांची ध्वनिमुद्रणं वरच्या फेरीकडे जायची आणि निकाल दिल्लीहून लागायचा. रेडिओच्या इतिहासात या स्पर्धेबद्दल दोन-चार ओळी असतात, त्या दिल्लीत बसून लिहिलेल्या. आज आम्ही ती उलट्या बाजूनं पाहणार आहोत. नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या मुलाला, मुलीला ही स्पर्धा कशी दिसत असेल? तिनं काय दिलं आणि त्या बदल्यात काय मागितलं?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, कारण मराठवाड्याचा रेडिओ मुंबई-पुण्याच्या रेडिओसारखा जन्मलेला नाही. तो निजामाच्या राज्यात जन्मला. हैदराबादचं केंद्र १९३५ साली सरकारच्या ताब्यात आलं, पुढे औरंगाबादलाही एक छोटं केंद्र निघालं. 'दक्कन रेडिओ' म्हणून जुनी माणसं ओळखायची तो हाच. मुख्य भाषा उर्दू. मराठी, तेलुगू, कानडी यांना थोडा थोडा वेळ. गाण्याच्या बाबतीत मात्र हे राज्य मुळीच दरिद्री नव्हतं. दिल्ली घराण्याचे तानरस खाँ अखेरच्या काळात हैदराबादच्या दरबारात होते, आणि बडे गुलाम अली खाँसाहेबांचा शेवटही १९६८ साली हैदराबादेतच झाला. पण दरबाराचं गाणं दरबारात राहिलं. नांदेडच्या होळीवर किंवा लातूरच्या गंजगोलाईत ते कधी उतरलं नाही.

आणि १९४७-४८ मध्ये तर या रेडिओवर गाण्यापेक्षा भाषणंच गाजली. कासीम रझवी हा मूळ लातूरला वकिली करणारा माणूस. त्याचा आवाज रेडिओवरून घराघरात शिरला. सतरा सप्टेंबर १९४८ ला शरणागतीची घोषणाही रेडिओवरूनच ऐकली गेली. म्हणजे लातूरचा जो आवाज रेडिओवर सगळ्यांत आधी मोठा झाला तो गाण्याचा नव्हता. रेडिओ म्हटलं की आधी भीती आणि मग सुटका, अशी आठवण असलेली एक पिढी इथं होती, हे विसरून चालणार नाही.

एक एप्रिल १९५० ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे आली. आता खरी गंमत बघा. राज्य आपलं झालं, रेडिओ आपला झाला आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच औरंगाबादचं केंद्र बंद झालं! पुण्याचं केंद्र दोन ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी संगीत स्पर्धा आली. तेव्हा मराठवाड्यात एकही रेडिओ केंद्र नव्हतं. परभणीचं केंद्र निघायला १९६८ साल उजाडलं. ही मधली चौदा-पंधरा वर्षं मराठवाड्यातल्या तरुण गायकाला रेडिओ ऐकता येत होता, पण रेडिओला तो ऐकू जात नव्हता.

ऐकता येत होता म्हणजे कसा, तेही सांगितलं पाहिजे. मध्यम लहरी दिवसा फार लांब जात नाहीत, रात्री मात्र वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर पोचतात. दिवसा खरखर ऐकवणारा सेट रात्री साडेनऊला पुणं, मुंबई, हैदराबाद सगळं देऊ लागायचा. १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो शनिवारी रात्रीचा ठरला, हे आपल्या भागाचं नशीबच. परवान्याची वर्गणी भरून सेट ठेवणारी घरं गावात मोजकी. त्या घराच्या ओसरीवर शनिवारी रात्री बसणारी माणसं हा मराठवाड्याचा पहिला शास्त्रीय श्रोतृवर्ग, असं म्हणायला हरकत नाही. दरबार जे देऊ शकला नाही ते त्या पेटाऱ्यानं दिलं.

आता स्पर्धेकडे येऊ. तिच्यामागचा माणूस मराठी होता. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री. सिनेसंगीत रेडिओवरून हटवणारा मंत्री म्हणून लोकांनी त्यांची थट्टाच जास्त केली. इकडे बंदी आली आणि लोक रेडिओ सिलोन लावू लागले, शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. ती कथा सगळ्यांना माहीत आहे. पण केसकरांच्या कारभाराची दुसरी बाजू म्हणजे श्रवणचाचणी. गायकाची प्रतवारी त्याच्या नावावरून, घराण्यावरून, शिफारशीवरून न करता केवळ आवाजावरून करायची. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या कामाच्या प्रमुखस्थानी होते. परीक्षक दुसऱ्या खोलीत. समोर गायक नाही, फक्त ध्वनिक्षेपक. नावाऐवजी क्रमांक. मोठमोठे गवय्ये चिडले, मुंबईत तर या चाचण्यांवर बहिष्कारही पडला. आयुष्यभर मैफली गाजवलेल्या माणसाला परीक्षेला बसवणं हा अपमानच होता, त्यांचा राग आम्हाला समजतो.

पण हाच क्रमांक एकोणीस वर्षांच्या अनोळखी मुलाच्या बाजूनं पाहा. त्याला ना घराणं, ना ओळख. आडनाव सांगितलं की जात कळते आणि तोंड उघडलं की मराठवाडी बोली. पुण्याच्या एखाद्या बैठकीत त्याला कुणी 'कोठून आलास?' विचारलं तर उत्तर ऐकून पुढं ऐकायचं की नाही हे ठरायचं. इथं ते विचारायची सोयच नाही. त्याला समान वागणूक देणारी एवढी कडक व्यवस्था त्या काळच्या संगीतविश्वात दुसरी कोणती होती? आम्हाला तरी दिसत नाही. स्पर्धाही याच वळणाची. आवाज फितीवर जातो, बाकीचा माणूस केंद्रावरच राहतो.

केसकरांचा हेतू मात्र निव्वळ समानतेचा नव्हता, हेही स्वच्छ सांगू. खानदानी उस्तादांनी विद्या कोंडून ठेवली, तिचा अध्यात्माशी असलेला धागा तुटला, असं त्यांचं मत होतं. संगीत विद्यालयातून शिकलेल्या, पदवी घेतलेल्या नव्या वर्गाला त्यांना पुढे आणायचं होतं. त्याच्याही आधी, सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांच्या खासगी आयुष्याबद्दल बोललं जातं अशांना रेडिओनं काम देऊ नये असा आदेश निघाला होता. फटका बसला तो पेशेवर गाणाऱ्या बायकांना. म्हणजे पडदा होता खरा, पण पडद्यापर्यंत कुणी यायचं हे आधीच ठरलेलं.

आपल्याकडे ही संगीत विद्यालयं होती का? होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मराठवाड्यातल्या गावोगावच्या वर्गांपर्यंत पोचल्या. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची शिडी. एखाद्या वाड्याच्या माडीवर सतरंजी, एक तंबोरा, एक डग्गा-तबला आणि एक गुरुजी. नांदेडला अण्णासाहेब गुंजकर अशी शिकवणी करत होते. त्यांच्याकडे शिकलेलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे पंडित नाथराव नेरळकर. जन्म १९३५, नांदेडचे. पोरवयात हैदराबाद मुक्तिसंग्रामात वावरलेले, पुढे औरंगाबादला सरस्वती भुवन महाविद्यालयात शिकवलं, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२१ साली गेले. १९५४ ला स्पर्धा सुरू झाली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे, वयानं पात्र. त्यांनी अर्ज केला की नाही हा इथं मुद्दा नाही. मुद्दा असा, की त्या वर्षी नांदेडच्या एकोणीस वर्षांच्या कुणालाही अर्ज करायचा असता तर जायचं कुठं? राज्य अजून हैदराबादचं, म्हणजे हैदराबादला. १९५६ च्या एक नोव्हेंबरनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला, म्हणजे तोंड फिरवून पुण्या-मुंबईकडे.

लातूरची तऱ्हा आणखी वेगळी. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका, स्वतंत्र जिल्हा १९८२ ला झाला. पुण्याला जायचं तर बार्शी लाइटची छोटी गाडी पकडून कुर्डुवाडी, तिथं मोठ्या गाडीत चढायचं. बरोबर तंबोरा. चार-साडेचार फुटी, खाली भोपळा. त्या गाडीच्या डब्यात माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथं भोपळा मांडीवर घेऊन बसायचं. एस.टी.नं गेलात तर कंडक्टर म्हणणार, वर टाका. टपावर! भोपळ्याला एक चीर गेली की मिरजेची वारी आलीच. तंबोरा बनवणारे, दुरुस्त करणारे हात मिरजेत. हसू येतं खरं, पण स्पर्धेतल्या असमानतेचा हा भाग परीक्षकांना कधीच ऐकू आला नाही. मुंबईचा स्पर्धक लोकलनं यायचा आणि झोप झालेला गळा घेऊन गायचा.

आणि समजा, तंबोरा सुखरूप पोचला. पुढची अडचण पेटीची. इथं जरा थांबावं लागेल.

मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली. रेडिओच्या दिल्ली केंद्रावर जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार पाश्चात्त्य संगीत पाहायचे, त्यांनी पेटीविरुद्ध लेख लिहून आधीच रान उठवलं होतं. बंदी आणणारे नियंत्रक लायोनेल फील्डन. आक्षेप चुकीचा नव्हता. पेटीचे स्वर ठरीव असतात, दोन स्वरांमधली मींड तिला काढता येत नाही, आणि सतत तिच्याबरोबर गाणारा गळा तिच्याच पट्ट्यांवर बसतो. हे शास्त्र झालं. पण शिकणाऱ्या मुलाच्या घरी काय होतं? मराठवाड्यातल्या गावात गाण्याची सुरुवात भजनी मंडळात होते, कीर्तनात होते. तिथं टाळ, पखवाज आणि पेटी. सारंगी? ती नांदेड-लातूरच्या शिकणाऱ्या मुलानं जवळून पाहिलेली असण्याची शक्यता फार कमी. रेडिओच्या अनेक केंद्रांवर मात्र साथीला नोकरीवरचे सारंगिये असत. पेटीवर बंदी आल्यामुळेच त्या वाद्याला रेडिओत आसरा मिळाला, हेही खरं. एकाचं नुकसान तो दुसऱ्याचा फायदा.

तर असा मुलगा स्टुडिओत जातो. भिंतींना छिद्रांचे फळे, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. लाल दिवा लागतो. आयुष्यभर पेटीनं त्याच्या मागोमाग येऊन त्याला सावरलेलं. आता पेटी नाही. शेजारी एक अनोळखी माणूस सारंगी घेऊन बसलेला, जो याच्या प्रत्येक हरकतीला अधिक सुरेल करून परत देतो. ज्यांनी कधी सारंगीबरोबर गायलंय त्यांना विचारा, अंगावर काटा येतो आणि घामही फुटतो. त्यात वेळ मोजका. गुरुजींनी शिकवलेला बडा ख्याल अर्ध्या तासात नीट उभा राहत नाही, आणि इथं तेवढाही वेळ नाही. आलापाचा मोह आवरून द्रुत चिजेवर यायचं. रेडिओनं एका अख्ख्या पिढीला घड्याळाकडे बघून गायला शिकवलं. चांगलं झालं की वाईट, यावर आमच्यातच एकमत नाही. पण राग मांडताना पाल्हाळ न लावण्याची शिस्त यातून आली, हे कबूल करायला हवं.

पेटीवरची बंदी १९७१ साली सैल झाली. तीसुद्धा आधी वरच्या श्रेणीच्या कलावंतांसाठी आणि साथीपुरती. म्हणजे ज्याला पेटीची गरज सगळ्यांत जास्त, त्या नवशिक्याला ती सगळ्यांत उशिरा मिळाली.

जिंकलं कोण, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. दोन नावं घेऊ. १९७२ ला आकाशवाणीची गायन स्पर्धा जिंकणाऱ्यांत वीणा सहस्रबुद्धे होत्या, तेव्हा वयाच्या मर्यादेच्या अगदी टोकाला. १९७७ ला अश्विनी भिडे यांना सुवर्णपदक मिळालं, वय जेमतेम सतरा. दोघीही पुढे केवढ्या मोठ्या झाल्या ते सांगायला नको, परीक्षकांचा कान बरोबर होता. आता त्यांची घरं पाहा. वीणाताईंचे वडील शंकरराव बोडस हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, अश्विनीताईंच्या आई माणिक भिडे जयपूर घराण्याच्या जाणत्या गायिका. पडद्यामुळे आडनाव लपतं, पण घरात लहानपणापासून कानावर काय पडलं ते लपत नाही. ते तर आवाजातच असतं. ही कुणावर टीका नाही. त्या दोघींनी जी मेहनत केली ती त्यांचीच. पण 'फक्त आवाज ऐकू' म्हणणाऱ्या व्यवस्थेला असं वाटत होतं की आवाज हा माणसाच्या परिस्थितीपासून सुटा काढता येतो. तो तसा काढता येत नाही.

१९६८ नंतर मराठवाड्यात फरक पडला. परभणीचं केंद्र आलं, १९७६ ला औरंगाबादचं पुन्हा आलं, १९९१ ला नांदेडचं एफ.एम. केंद्र आलं. परभणी म्हणजे नांदेडहून मीटरगेजनं सकाळी निघून संध्याकाळी परत. या एका गोष्टीनं किती घरांतल्या मुलींना 'जा' म्हटलं गेलं असेल, याचा विचार करा. पुण्याला मुक्काम करावा लागतो, कुणाकडे उतरायचं, सोबत कोण, या प्रश्नांवर मुलीचं गाणं थांबायचं. परभणीनं मुक्कामाचा प्रश्नच काढून टाकला. युववाणीसारख्या कार्यक्रमांत तरुणांना वेळ मिळाला, आणि स्पर्धेत नाव न येताही पोस्टानं करारपत्र येऊ लागलं : अमुक तारीख, अमुक वेळ, इतकी मिनिटं, इतकं मानधन. गावात ते पत्र पदकाइतकंच मोठं. पोस्टमन ते घेऊन आला की अर्ध्या गल्लीला कळायचं.

तरीही एक गोष्ट सुटत राहिली. नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे. गुरू ग्रंथ साहिबाची रचनाच मुळात रागांनुसार आहे, एकतीस मुख्य राग. आपल्या नामदेव महाराजांची एकसष्ट पदंही त्यात रागांच्या नावाखाली आहेत. नांदेडमध्ये वाढणाऱ्या मुलाला पहाटे रागदारी कानावर पडते ती तिथं. कंधारच्या दर्ग्यात उरसाला कव्वाली होते. औशाच्या नाथ संस्थानात चक्री भजन होतं, तिथल्या लयीचे हिशेब ऐकले तर तबलजीनं कान पकडावेत. हे सगळं शास्त्राच्या आत आहे की बाहेर? स्पर्धेच्या शास्त्रीय विभागाच्या दृष्टीनं बाहेर. शास्त्रीय म्हणजे ख्याल-ध्रुपद, उपशास्त्रीय म्हणजे ठुमरी-दादरा, बाकीचं सुगम किंवा लोकसंगीत. नांदेड-लातूरच्या मुलाजवळ रागाचा जो खरा, घरचा साठा होता तो त्यानं दाराबाहेर ठेवायचा आणि माडीवरच्या शिकवणीत मिळालेलं तेवढं आत न्यायचं. अशी ती अट होती, कुणी लिहून न ठेवलेली.

इथं सामुदायिक रेडिओचा विषय येतो. नऊ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. भांडण होतं क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं! क्रिकेटमुळे या देशात संगीताचं काही भलं झाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण. त्यातून पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही छोटी केंद्रं काढता येऊ लागली. शंभर वॅटची शक्ती, दहा-बारा किलोमीटरचा पल्ला. स्वयंसेवी संस्थेचं देशातलं सुरुवातीचं केंद्र, संघम रेडिओ, २००८ ला निघालं ते आपल्या शेजारी, बिदरच्या पलीकडे झहीराबादजवळच्या माचनूर गावात, आणि ते चालवतात दलित शेतकरी बाया. म्हणजे जुन्या निजामी राज्याच्याच पोटात.

अशा केंद्रानं तरुण शास्त्रीय गायक-वादकांची स्पर्धा घेतली तर? व्याख्यानं झाली की आम्हाला हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला 'फार छान होईल' हे उत्तर हवं असतं. पेटी चालेल, शबद चालेल, चक्री भजनातला पखवाज चालेल, भोपळा टपावर टाकावा लागणार नाही. हे सगळं मान्य. पण दहा किलोमीटरच्या पल्ल्यात परीक्षक कोण असेल? गावातलेच गुरुजी. स्पर्धक कोणाचा शिष्य, कोणाची मुलगी, कोणत्या आळीतली, हे त्यांना पहिल्या 'सा'ला कळणार. पडदा लावला तरी आवाज ओळखीचा. पन्नासच्या दशकात ज्या गोष्टीपासून त्या एकोणीस वर्षांच्या मुलाची सुटका झाली होती, ती परत दारात उभी. आम्हाला वाटतं, ऐकणारा लांबचा असावा आणि काय गावं हे जवळच्यांनी ठरवावं. ते जमवायचं तर नांदेडच्या मुलांची मुद्रणं नावाशिवाय लातूरला आणि लातूरची नांदेडला पाठवावीत. एवढी साधी देवाणघेवाणसुद्धा पुरेल. खर्च काही नाही, आता तर मोबाईलवर जाईल.

शेवटी एक काम सांगतो, कारण समोर बरीच मंडळी पन्नाशी-साठीच्या पुढची दिसतायत. रेडिओ केंद्रांवर फिती पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, फीत महाग असायची. जिंकलेल्यांचं काही राहिलं, प्राथमिक फेरीत गाऊन परत आलेल्यांचं सहसा काही राहिलं नाही. त्यांचं गाणं असेलच तर ते घरी आहे : रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून कुणी भावानं, वडिलांनी केलेल्या कॅसेटमध्ये, मध्येच कुकरची शिट्टी आणि 'हळू बोला रे' यांच्यासकट. तशी कॅसेट घरी असेल तर ती जुन्या टेपमध्ये घालून थेट वाजवू नका. वर्षानुवर्षं पडून असलेली फीत चिकटते आणि तुटते. आधी हातानं, पेन्सिलीनं सावकाश दोन्ही बाजूंनी फिरवून मोकळी करा, मग मुद्रण उतरवून घ्या. आणि करारपत्र सापडलं तर त्याचा फोटो काढा, तारखेसकट. आज कार्यक्रमानंतर आम्ही इथंच टेबलापाशी आहोत, काही आणलं असेल तर दाखवा.